दलदल

दलदल : वर्षभर किंवा वर्षाचा बराच काळ पाण्याने संपृक्त राहणारी, वरून टणक भासणारी परंतु भार पडताच खचणारी मऊ भूमी. भूविज्ञान व वनस्पतिविज्ञान यांत ही संज्ञा काटेकोर अर्थाने वापरताना, जेथे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर (पीट) साचत जातो अशाच पाणथळ भूमीला दलदल म्हणतात. व्यवहारात मात्र हा शब्द पुष्कळच सैलपणे वापरला जातो व त्यामुळे अगदी भिन्न प्रकृतीच्या जमिनी एकाच नावाखाली येतात.

शब्द व त्याचे अर्थ : चिखल पायाला लागतो, दलदलीत पाय जातो, एवढा भेद मराठी बोलणारा सहसा पाळतो. पंक व कर्दम हे चिखलाचे संस्कृत पर्याय असून कमळाचे ‘पंकज’ हे नाव पहिल्यावरून पडले आहे. जमिनीतून पाणी वर पाझरते त्या जागेला उपळ, समुद्राच्या भरतीचे पाणी शिरणाऱ्या कोकण-गोव्यातील खाऱ्या जमिनीला खाजण आणि पाणी न निचरल्याने पिकास निरुपयोगी झालेल्या शेतास चिबड असे शब्द आहेत. आयुर्वेदात देशाचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार मानले असून त्यांपैकी आनूप म्हणजे जलबहुल प्रदेश होय. ‘कच्छ’ या प्रदेशनामाचा संस्कृत अर्थही पाणथळ काठ असाच आहे. इंग्रजीतील ‘बॉग’ हा शब्द गेलिक भाषेतून आला असून मुळात त्याचा अर्थ ‘मऊ’ एवढाच आहे. कर्जाची, व्यसनाची वा राजकारणाची दलदल असा लाक्षणिक प्रयोगही रूढ आहे. तो नेहमीच निंदाव्यंजक असतो. महसुली दप्तरात शेतातील अशी जागा लागवडीस अयोग्य म्हणून ‘पोटखराब’ या सदरात पडते. पाणथळ भूमी म्हणजे वाया गेलेली भूमी, ही समजूत या शब्दांनीच पक्की केली आहे.

पीटयुक्त दलदल : थंड व दमट हवामान, बाष्पीभवनापेक्षा अधिक पाऊस आणि अपुरा निचरा या परिस्थितीत ही तयार होते. साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन फार थोडा असल्यामुळे सूक्ष्मजीवांचे कार्य मंदावते व मृत वनस्पती पूर्णपणे न कुजता थरावर थर साचतात. स्फॅग्नम वंशाच्या शेवाळींचा यात मोठा वाटा असतो. या शेवाळींच्या पानांतील मृत, पोकळ कोशिका स्वतःच्या शुष्क वजनाच्या सु. वीसपट पाणी धरून ठेवू शकतात. शिवाय त्या पाण्यातील खनिज आयन शोषून हायड्रोजन आयन सोडतात. त्यामुळे पाणी अम्लधर्मी बनते व कुजण्याची क्रिया आणखीच मंदावते. पीटचा थर वर्षाला सरासरी १ मिमी. किंवा त्याहूनही कमी वाढतो. म्हणजे पुरुषभर उंचीचा थर साचण्यास दोन हजार वर्षे किंवा अधिक काळ लागतो. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट काढताना सापडलेला ‘टोलुंड मानव’ सु. २,४०० वर्षांपूर्वीचा असूनही त्याच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या स्पष्ट दिसतात, त्याचे कारण हेच.

पीटभूमींनी पृथ्वीवरील भूपृष्ठाचा सु. ३ टक्के भागच व्यापला आहे. परंतु जगातील मृदांमधील कार्बनाचा सु. एक-तृतीयांश साठा त्यांत आहे. पाणी काढून टाकताच पीटला हवा लागते, तो कुजू लागतो आणि वाळल्यावर सहज पेट घेतो. इंडोनेशियात मध्य कालिमांतान प्रांतातील सु. १० लाख हेक्टर क्षेत्र भातशेतीखाली आणण्यासाठी १९९० नंतरच्या दशकात कालवे खणण्यात आले. भात तर पिकला नाहीच, पण १९९७ च्या अवर्षणात हे पीट महिनोन्‌महिने धुमसत राहिले.

महाराष्ट्रातील स्थिती : भारतात पीट काश्मीर, निलगिरी इ. प्रदेशांत आढळतो. निलगिरीच्या पीटमधून गेल्या सु. वीस हजार वर्षांतील मॉन्सूनच्या चढउतारांचा मागोवा घेण्यात आला आहे. महाराष्ट्राच्या पठारावर मात्र खरी पीट-दलदल नाही. मराठवाड्यात बाष्पीभवन पर्जन्यापेक्षा कितीतरी अधिक असते आणि उन्हाळ्यात तपमान ४० से. च्या वर जाते. पावसाळ्यात साचलेले वनस्पतिद्रव्य पुढच्या पावसापर्यंत कुजून संपते. साताऱ्याजवळील कासच्या जांभ्या पठारावर पावसाळ्यापुरती पाणथळ, पोषकद्रव्यांत अत्यंत निकृष्ट अशी भूमी निर्माण होते व तेथे दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षक वनस्पती उगवतात. पीटभूमीशी असलेले तिचे साम्य तेवढ्यापुरतेच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे जायफळाच्या कुलातील वृक्षांची दलदलीतील राई असून या वृक्षांची गुडघ्यासारखी वाकलेली मुळे श्वसनासाठी चिखलाबाहेर येतात. अशीच राई गोव्यात सत्तरी तालुक्यात आहे. या राया टिकल्या त्या देवराया होत्या म्हणून.

नाथसागराचा काठ : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात दलदल म्हटली जाते ती प्रामुख्याने गाळाची. पैठण येथे गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाचा जलाशय, नाथसागर, भरला असता सु. ३५० चौ. किमी. क्षेत्र व्यापतो. तो उथळ असल्यामुळे पातळी थोडी उतरली तरी विस्तृत पट्टा उघडा पडतो. धरणात जमीन गेलेले शेतकरी व इतर लोक या ओलाव्यावर पिके घेतात. अशा जमिनीस गाळपेर जमीन म्हणतात. याच चिखलात किडे, शिंपले व पाणवनस्पती यांवर जगणारे शेकाटे, तुतवार, रोहित व हिवाळी बदके उतरतात. म्हणून १९८६ साली येथे पक्षी अभयारण्य घोषित झाले. एकाच गाळावर नांगर आणि पक्षी या दोहोंचा हक्क असल्याने येथे ओढाताण कायमची आहे. रामसर करारात (१९७१) मानवनिर्मित जलाशयही पाणथळ भूमी मानले आहेत. भारताच्या २०१७ च्या पाणथळ भूमी नियमांतून मात्र सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. या काठाचे संरक्षण त्यामुळे अभयारण्याच्या कायद्यावरच अवलंबून आहे.

रुतणे : उघड्या गाळावर उन्हाने भेगाळलेला टणक पापुद्रा धरतो, खाली गाळ मऊच असतो. उन्हाळ्यात पाण्यापर्यंत जाऊ पाहणारी गुरे येथे रुततात. दलदल माणसाला गिळते ही समजूत चुकीची आहे. दाट गाळाची घनता मानवी शरीराच्या घनतेपेक्षा अधिक असल्याने शरीर सहसा पूर्ण बुडत नाही. धोका वेगळाच असतो. पाय ओढताना त्याखाली पोकळी होऊ पाहते व तिच्या चोषणाने पाय अधिकच जखडतो; धडपडीने थकवा येतो आणि माणूस किंवा जनावर उन्हाने, तहानेने वा चढत्या पाण्याने दगावते. मागे रेलून भार पसरावा, पाय हळूहळू हलवून भोवती पाणी शिरू द्यावे आणि फळी किंवा दोराचा आधार घ्यावा. गुराला बाहेर काढताना दोर मानेला बांधू नये.

चिबड जमीन : ही माणसानेच निर्माण केलेली दलदल होय. काळ्या मातीतील फुगणारी चिकणमाती पाणी धरून ठेवते. कालव्यांची गळती, उसासारख्या पिकांना मोकाट दिलेले पाणी आणि बुजलेले नाले यांमुळे भूजल मुळांपर्यंत चढते. पुढे त्यातील क्षार बाष्पीभवनाने पृष्ठभागावर येऊन पांढरी खरपुडी धरते. पीटभूमी वाचवायची तर तिचे पाणी काढू नये. चिबड जमीन वाचवायची तर तिचे पाणी काढलेच पाहिजे. त्यासाठी उघडे चर खणतात किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालतात, कालव्यांना अस्तर करतात आणि पाणी मोजून देतात. सिंचनाचे व जमिनीचे शास्त्र शिकविणारी ‘वाल्मी’ (जल व भूमि व्यवस्थापन संस्था) १९८० साली याच शहरात स्थापन झाली. मात्र चर आपल्या शेतातून शेजाऱ्याच्या शेतात न सोडता थेट नाल्यापर्यंत न्यावा लागतो. त्यासाठी वाटेतील सर्व खातेदारांची संमती हवी असते, आणि बहुतेक ठिकाणी काम तेथेच अडते.