‘कारण’ या रकान्यापलीकडे

कोणी आत्महत्या केल्याची वार्ता आली, की समाज प्रथम कारण विचारतो. परीक्षेतील अपयश, कर्ज, प्रेमभंग, असाध्य आजार अशा एखाद्या शब्दावर त्याचे समाधानही होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालाची रीतही हीच. २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांपैकी ३१.७ टक्के ‘कौटुंबिक समस्यां’पायी आणि १८.४ टक्के आजारपणामुळे झाल्या, असे तो अहवाल सांगतो. परंतु कौटुंबिक समस्या नसलेले घर कोणते? त्या सोसूनही कोट्यवधी माणसे जगतच असतात. तेव्हा रकान्यात लिहिलेले कारण हे बहुधा केवळ शेवटचे निमित्त असते.

एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ सालीच हा विषय व्यक्तीच्या मनापुरता मर्यादित नसल्याचे प्रतिपादन केले. माणूस आपल्या कुटुंबाशी व समूहाशी किती बांधलेला आहे, यावरही आत्महत्येचे प्रमाण अवलंबून असते, असा त्याचा सिद्धांत होता. आजचे वैद्यकशास्त्र त्यात आणखी घटकांची भर घालते: नैराश्य व इतर मानसिक आजार, मद्याचे व्यसन, दीर्घकाळची वेदना, बालपणी सोसलेला छळ, एकाकीपण, अकस्मात ओढवलेले संकट. यांपैकी एकटा घटक क्वचितच जिवावर बेततो. अनेकांचा भार एकाच वेळी पडला की तो असह्य होतो. सर्वांत ठळक धोक्याची खूण म्हणजे पूर्वी झालेला प्रयत्न. आणि नेमकी तीच आपण ‘नाटक’ म्हणून उडवून लावतो किंवा अब्रूच्या भयाने झाकून ठेवतो.

अर्थात हे घटक म्हणजे कोणाचे भविष्य नव्हे. ते ज्यांच्या वाट्याला येतात त्यांतील बहुसंख्य माणसे आत्महत्या करीत नाहीत. हात कोठे द्यावा, एवढेच त्यांवरून कळते. आणि घटक अनेक असल्यामुळे हात देण्याच्या जागाही अनेक असतात.

श्रीलंकेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९९५ च्या सुमारास तेथील आत्महत्यांचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. अतिविषारी कीटकनाशकांवर तेथे टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि पुढील दोन दशकांत ते प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. लोकांची दुःखे त्यामुळे संपली नव्हती; पण आवेगाचा तो क्षण निभावून गेला. असा क्षण एकदा टळला, की बहुतेक माणसे पुढे जगतात, हा जगभरचा अनुभव आहे. आपल्याकडे दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी २०१५ पासून लगेच जुलैत फेरपरीक्षा घेण्याची प्रथा सुरू झाली. वर्ष वाया जाण्याची धास्ती कमी करणारी ही सुधारणाही त्याच जातीची.

परंतु सारे काही सरकारवर सोडून चालणार नाही. हसतखेळत असणारा विद्यार्थी मुका होतो, कचेरीतील सहकारी जपलेल्या वस्तू वाटून टाकू लागतो, ‘माझा सर्वांना भारच झाला आहे’ असे कोणी बोलून जातो; हे प्रथम दिसते ते शिक्षकाला, शेजारच्या टेबलावरील कारकुनाला, खोलीतील मित्राला. अशा वेळी ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. उलट, कोणीतरी विचारले याचाच अनेकांना आधार वाटतो. मग उपदेश न करता ऐकावे, त्या माणसाला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे सोबत जावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असते. तेथे मराठीतूनही बोलता येते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले आणि तिची शुश्रूषा व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरविले. कायद्याने जी सहृदयता दाखविली, ती घराघरांत, वर्गांत आणि कचेऱ्यांत अजून यावयाची आहे. मृत्यूनंतर ‘का?’ असे विचारणारे पुष्कळ असतात. तोच प्रश्न माणूस समोर असताना, आपुलकीने विचारला गेला पाहिजे.