योत-लोहाऱ्यातले लोहारा



कचेरीच्या, कोर्टाच्या नाहीतर दवाखान्याच्या कामासाठी यवतमाळला जाणे आपल्यापैकी कोणालाच चुकलेले नाही. दिग्रस-दारव्ह्याकडून एस.टी.ने निघाले की यवतमाळ यायच्या जरा आधी कंडक्टर 'लोहारा, लोहारा' असा पुकारा करतो. दोन-चार माणसे उतरतात, गाडी पुढे निघते आणि आपण पिशवीतले कागद पुन्हा एकदा तपासून पाहतो. आम्हीही कित्येक वर्षे तसेच केले. या लोहाऱ्यात पाहण्यासारखे किंवा सांगण्यासारखे काही असेल असे कधी मनात आले नाही. आपल्या पत्रिकेत ऊस, खत, पाणी सोडून एखाद्या गावाची हकिगत द्यावी असे ठरले, तेव्हा आम्ही मुद्दाम हेच गाव घेतले. तेथला ऊस आपल्या काट्यावर येत नाही. तरी जे त्या गावाचे झाले, ते सडकेकाठच्या आपल्या काही गावांपर्यंत येऊन ठेपले आहे.

आज आपण लोहारा यवतमाळच्या शेजारचे म्हणून ओळखतो. जुन्या दप्तरात मात्र दोघांची नावे जोडीने आहेत. अकबर बादशहाच्या फौजांनी १५९६ मध्ये वऱ्हाड घेतले. त्याच सुमारास त्याचा दरबारी अबुल फजल याने साऱ्या राज्याची माहिती 'ऐन-ए-अकबरी' या ग्रंथात लिहून काढली. कोणत्या सुभ्यात किती सरकारे, एकेका सरकारात किती परगणे, वसूल किती दाम, असा तो सगळा हिशेब आहे. आपल्याकडची माहूर आणि कळंब ही त्यात सरकारांची ठिकाणे आहेत आणि एका परगण्याचे नाव आहे 'योत-लोहारा'. योत म्हणजे येवता, आजचे यवतमाळ. लोहारा म्हणजे तेथून पाचेक किलोमीटर पश्चिमेला असलेले हे आपले लोहारा. यवतमाळ या नावातला 'माळ' सुद्धा आपण समजतो तसा माळरानाचा नव्हे, 'महाल' या शब्दाचे ते बिघडलेले रूप, असे गॅझेटियरकारांनी लिहून ठेवले आहे. सव्वाचारशे वर्षांपूर्वी हिशेबनीसाने कलम उचलले तेव्हा परगण्याच्या नावात दोन्ही गावे त्याला लिहावी लागली, एवढे यावरून कळते. पुढे जिल्ह्याच्या नावातून लोहारा गळाले ते गळालेच.

लोहारा हे नाव ऐकताच भाता आणि ऐरण डोळ्यांपुढे येते. या नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. धाराशिव जिल्ह्यात तर लोहारा नावाचा तालुका आहे, त्यामुळे पत्ता लिहिताना घोटाळा होऊ देऊ नये. वखराची पास, बंडीच्या चाकाची धाव, कुऱ्हाड, विळा, डवऱ्याचे लोखंड, सगळेच लोहाराच्या हातचे. कास्तकाराचे त्याच्यावाचून पेरणीपासून कापणीपर्यंत अडत असे. आज वेल्डिंगच्या दुकानापुढे ट्रॅक्टरची रांग लागते, तशीच पूर्वी मृगाच्या आधी लोहाराच्या भात्याजवळ बसकण जमायची.

गावात कमळेश्वर महादेवाचे हेमाडपंती देऊळ आहे. हेमाडपंत म्हणजे देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री. महादेवराय आणि रामदेवराय यांच्या कारकिर्दीत, म्हणजे तेराव्या शतकात, तो होऊन गेला. चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत बसवायचे, वजनावर वजन तोलून धरायचे, ही त्या बांधणीची रीत. ती त्याच्या आधीपासूनची आहे, पण लोकांनी सारी देवळे त्याच्याच नावावर लावून दिली. राक्षसांनी एका रात्रीत बांधले असेही म्हातारी माणसे सांगतात. देवळाचे दगड हा काही आमचा विषय नव्हे, आमचा विषय माती. म्हणून मातीचेच सांगतो. यवतमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच. खाली काळा पाषाण, वर मुरूम, जमीन हलकी ते मध्यम. आपल्या पूस आणि पैनगंगेच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन तिकडे फारशी नाही. असल्या जागी दगडी देऊळ उभे राहिले, त्याअर्थी ते पोसणारी वस्ती आणि वहिवाटीचा रस्ता तेव्हाही असला पाहिजे. महाशिवरात्रीला आजही तेथे गर्दी होते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६४ साली या भागाचा वेगळा जिल्हा झाला. तो बरीच वर्षे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये पुसद तालुका त्याला जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. इंग्रजांनी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी केली. देशमुख-देशपांड्यांचा परगणा मागे पडला आणि प्रत्येक वावराला सर्व्हे नंबर मिळाला. कचेऱ्या, कोर्ट, जिनिंग-प्रेसिंग यवतमाळला आले. मुर्तिजापूरहून कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी आली, तीच आपली शकुंतला. वऱ्हाडचा कापूस मुर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर चढवायचा, तेथून मुंबई, तेथून मँचेस्टर. गाडी ओढणारे वाफेचे इंजिनही मँचेस्टरलाच १९२१ मध्ये बनलेले! ते १५ एप्रिल १९९४ ला काढून डिझेल इंजिन लावले, आणि पुढे गाडीच बंद झाली. रुळांमध्ये आता गवत वाढले आहे. आता सगळ्यांचे डोळे वर्धा-यवतमाळ-पुसद-नांदेड या मोठ्या लाइनीकडे आहेत. तिचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला.

गवताचा विषय निघालाच, तर लोहाऱ्याची सर्वांत मोठी हकिगत गवताचीच आहे. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. वऱ्हाडला समुद्र कोठला? अकोल्याकडे दहीहांड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्याचे मीठ काढून कायदा मोडला गेला. पण कास्तकाराच्या उरावर खरा बसलेला कायदा होता जंगलाचा. ज्या रानात बापजाद्यांची ढोरे चरली, ते राखीव झाले होते. चाऱ्याला परवाना, चराईला फी, आणि गार्डाने ढोर धरले तर कोंडवाडा. लोकनायक बापूजी अणे यांनी हे दुखणे बरोबर ओळखले आणि १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह सुरू केला. पुसदकडच्या सभासदांना हे आजोबांच्या तोंडून ऐकून ठाऊक असेल. त्याच महिन्यात, २१ जुलैला, डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी आपल्या तुकडीसह यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात गवत कापले. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा होऊन अकोल्याच्या तुरुंगात पाठविण्यात आले. विळा आणि मूठभर चारा एवढ्यावर माणसे तुरुंगात गेली! ज्याच्या दावणीला बैल आहे, त्याला यातले मर्म समजावून सांगायला नको.

पुढे स्वराज्य आले. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज अशी दोन कागदपत्रे आहेत. चराई, सरपण, रस्ता, पाणी यांबाबत गावाचे हक्क आणि वहिवाटी त्यांत नोंदायच्या असतात. तलाठ्याकडे सात-बारा मागणारे आपल्यात शंभर भेटतील, निस्तार पत्रक मागणारा एखादाच.

आता आजचे लोहारा. गावाच्या शिवारात औद्योगिक वसाहत झाली. १९९६ मध्ये रेमंडचा डेनिम कापडाचा, म्हणजे पोरे घालतात त्या जीन्सच्या कापडाचा, कारखाना सुरू झाला. ज्या मुलखातून कापूस मँचेस्टरला जायचा, तेथेच कापड निघू लागले, ही गोष्ट लहान नव्हे. पाळीत काम करणारी माणसे आली, भाड्याच्या खोल्या झाल्या, खानावळी निघाल्या. त्यापाठोपाठ ले-आउट आले. वावर अकृषक झाले, चुन्याच्या रेघा पडल्या, सिमेंटचे खुंट रोवले गेले. गेल्या दशकात यवतमाळ नगर परिषदेची हद्दवाढ झाली, आणि वाघापूर, वडगाव, उमरसरा यांच्याप्रमाणे लोहाऱ्याची ग्रामपंचायतही नगर परिषदेत गेली. परगण्याच्या नावात असलेले गाव शहराचा भाग झाले.

गावात एका पारावर आम्ही बसलो होतो. शेजारी पंच्याहत्तरीचे एक बाबाजी होते. आम्ही विचारले, "बाबाजी, शहरात आलात, बरे झाले की नाही?"

ते म्हणाले, "सायब, पयले आमी यवतमाळले जात होतो. आता यवतमाळच घरापर्यंत चालत आलं. नळ आला, सडक आली, खोटं कायले बोलू. पन ढोरं सोडाले जागा राह्यली नाई."

"वावर?"

"इकलं. पोरीचं लगन झालं, घर झालं, राह्यले तेवढे बँकेत हायेत. पन मिरग लागला का हात चुळबुळ करते, बावा. बियानं घ्याचं नाई, डवरा धराचा नाई, मंग कराचं काय?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. विकू नये असे त्यांना सांगणे सोपे होते. पण हलक्या जमिनीत कोरडवाहू पऱ्हाटी आणि सोयाबीन, वर पावसाची लहर, आणि समोर प्लॉटचा भाव, अशा वेळी आपण काय केले असते हेही ज्याने त्याने मनाशी विचारून पाहावे. शहराचेही सगळे गोड नाही. २०१७ चा पाऊस दगा देऊन गेला, निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली आणि २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळच्या लोकांनी टँकरपुढे रात्री काढल्या. तेव्हा बेंबळा धरणावरून पाणी आणण्याची धडपड झाली. ज्याच्या घरी जुनी विहीर होती, तोच त्या उन्हाळ्यात श्रीमंत ठरला.

ग्रामपंचायत जाते तेव्हा ग्रामसभाही जाते. हात वर करून ठराव घ्यायचा तो प्रकार प्रभागात नाही. निवडलेला नगरसेवक सभेत बोलेल तेवढे खरे. गायरानाचे काय, पांदणीवर कोणी भिंत घातली तर कोणाकडे जायचे, हे तोवर तोंडी चालत आले असेल तर पुढे कागद मागितला जातो, आणि कागद नसतो. हद्दवाढ वाईट असे आमचे म्हणणे नाही. नळ आणि सडक बाबाजींनीही कबूल केली. पण ज्या गावाची पांदण, नाला, गायरान कागदावर आहे, त्याला शहरात जातानाही काहीतरी हातात धरून जाता येते.

आपल्या कार्यक्षेत्रातही मोठ्या सडकेला लागून असलेल्या गावांत ऊसनोंदीच्या वहीत आम्हाला फरक दिसतो. गेल्या साली ज्या गटात खोडवा होता, तेथे यंदा तारेचे कुंपण आणि पाटी. म्हणून सभासदांना विनंती की तलाठी कार्यालयात पुढल्या खेपेला सात-बारा घ्याल, तेव्हा आपल्या गावच्या निस्तार पत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जाची नक्कलही मागावी. पांदण त्यात आली आहे का ते पाहावे. तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉली बाहेर काढण्यावरून होणारी निम्मी भांडणे पांदणीचीच असतात, हे शेतकी विभागाइतके कोणाला ठाऊक?

निघताना बाबाजींना आम्ही विकलेल्या वावराचा सर्व्हे नंबर विचारला. तो त्यांना आठवेना. नाव मात्र लगेच सांगितले, 'आंब्याचं वावर'. मग शेजाऱ्यांचीही सांगत सुटले : खारीचं, टेकडीखालचं, म्हसोबाचं, जोडइहिरीचं. आमच्याबरोबर आपला चिटबॉय होता, त्याने ती सारी नावे एका कोऱ्या ऊसनोंद पावतीच्या पाठीमागे उतरवून घेतली. ती पावती शेतकी कार्यालयात ठेवली आहे. आपल्या वावरांची अशी नावे सभासदांनी या हंगामाच्या नोंदीच्या वेळी गट नंबरासोबत सांगावीत, वहीत त्यासाठी एक रकाना वाढविला आहे.