हाड सांधले, रोग राहिला

न्हाणीघरात पाय घसरल्याचे निमित्त होते आणि वृद्धेच्या खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया होते, काठीच्या आधाराने ती घरी परतते आणि संकट टळले असे घरच्यांना वाटते. वस्तुतः मोडलेले हाड हे केवळ लक्षण होय. हाडे विरळ व ठिसूळ करणारा ऑस्टिओपोरोसिस हा मूळ रोग शरीरात तसाच राहतो. त्यावर औषध सुरू करावयाचे म्हटले की एक शंका आडवी येते : या औषधाने मोडलेले हाड जुळण्यात अडथळा तर येणार नाही ना?

ही शंका अगदीच निराधार नाही. हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. जुने हाड झिजविणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या पेशींचे कार्य त्यात अखंड चालू असते. अॅलेंड्रोनेट, झोलेड्रॉनिक अॅसिड ही बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे झिजविणाऱ्या पेशींना आवर घालतात. हाड जुळताना प्रथम मोडलेल्या जागी कूर्चेची मऊ गाठ धरते, मग तिचे कठीण हाड बनते आणि अखेरीस त्या ओबडधोबड गाठीला मूळचा घाट येतो. झिजविणाऱ्या पेशींची खरी गरज या अखेरच्या टप्प्यात असते व औषधाने लांबतो तो मुख्यतः हाच टप्पा. हाड जुळणे निराळे आणि जुळलेल्या हाडाला घाट येणे निराळे, हा भेद ध्यानात घेतला पाहिजे.

प्रत्यक्ष पुरावाही हेच सांगतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘होरायझन’ चाचणीत खुब्याचे हाड मोडलेले २,१२७ रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक अॅसिड शिरेतून देण्यात आले. औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी व मृत्यू २८ टक्क्यांनी कमी आढळले. हाड जुळण्यास लक्षणीय विलंब झाल्याचे मात्र दिसले नाही.

याला अपवाद आहे. वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्या मोजक्या रुग्णांत मांडीचे हाड क्षुल्लक कारणाने आडवे मोडते व ते जुळण्यास वेळही लागतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली तसा इशारा दिला. अशा वेळी औषध थांबवावे लागते. म्हणूनच ते किती वर्षे घ्यावे, याचा डॉक्टरांनी वेळोवेळी फेरविचार करणे अगत्याचे आहे. परंतु दुर्मिळ अपवादाच्या भयाने उपचारच टाळणे हे शहाणपण नव्हे.

रुग्णालयातून निघताना टाके केव्हा काढायचे, एवढेच विचारून भागणार नाही. उरलेली हाडे मोडू नयेत म्हणून काय करायचे, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे.