अर्ध्या कोटीची काटकसर

ओक्लाहोमा सिटीच्या ‘थंडर’ या अमेरिकन बास्केटबॉल संघाने २०१२ साली अंतिम फेरी गाठली. मायामीपुढे तो हरला खरा; पण ड्यूरंट, वेस्टब्रुक आणि दाढीवाला हार्डन यांपैकी एकानेही तेव्हा पंचविशी गाठली नव्हती!

श्रीमंत शहरांनी सारे चांगले गडी पळवू नयेत, म्हणून तिकडे संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. २०१२-१३च्या हंगामात ती ५ कोटी ८० लाख डॉलर होती. घरचाच गडी राखायचा तर ती ओलांडण्याची मुभा असते. मात्र त्या वर्षी ७ कोटींपलीकडे गेले की चैनीचा कर बसे. २०११च्या नव्या कराराने तर हा कर २०१३-१४पासून चढत्या भाजणीचा केला. पूर्वी जादा डॉलरमागे एक डॉलर भरावा लागे, त्या कराराने तो पहिल्याच पायरीला दीड झाला!

ड्यूरंट-वेस्टब्रुकचे भरघोस करार आधीच झालेले, ऑगस्टमध्ये इबाकाचाही झाला. हार्डनला चार वर्षांचे सुमारे साडेपाच कोटी देऊ केले, असे सांगतात. त्याला मिळू शकत होते सहा कोटींच्या घरात. बोलणी फिसकटली आणि ऑक्टोबरात त्याची रवानगी ह्यूस्टनला झाली. बदल्यात मुख्यतः मार्टिन, लॅम आणि नवोदित खेळाडू निवडण्याचे हक्क आले. त्यांतल्याच एका हक्कातून पुढे न्यूझीलंडचा धिप्पाड अ‍ॅडम्स मिळाला, हे मान्य. तरीही ही घाई मला पटत नाही. हार्डनचा वाढीव पगार २०१३पासून सुरू व्हायचा होता. जुन्या पगारात तो आणखी एक हंगाम हाताशी होताच की!

ड्यूरंट २०१६ साली संघ सोडून गेला. २०१८ साली हार्डन वर्षातला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, तो ह्यूस्टनकडून खेळताना. ओक्लाहोमाला पहिले विजेतेपद मिळायला २०२५ साल उजाडले.