ब्यूलीच्या कुरणावरचा सुट्या भागांचा बाजार

इंग्लंडच्या दक्षिणेला, हॅम्पशायर परगण्यात न्यू फॉरेस्ट नावाचं जंगल आहे. तिथली तट्टं रस्त्यावर मोकळी फिरतात आणि मोटारी त्यांच्यासाठी थांबतात. या जंगलातल्या ब्यूली गावात दर सप्टेंबरात शेकडो विक्रेते कुरणावर पाल ठोकतात. विकायला आणतात मोटारींचे आणि मोटारसायकलींचे सुटे भाग. त्यातले कितीतरी भाग अशा गाड्यांचे असतात, ज्यांचे कारखाने कधीच बंद पडले. या बाजाराचं नाव इंटरनॅशनल ऑटोजंबल. १९६७ साली तो पहिल्यांदा भरला.

असा बाजार इंग्लंडातच का रुजला, हे त्या देशाच्या मोटारधंद्याकडे पाहिलं की कळतं. पहिल्या महायुद्धानंतर तिथे गाड्या बनवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं. यातल्या अनेकजणी सगळी गाडी स्वतः घडवत नसत. सांगाडा आपला, बाकी बरंच काही बाहेरून विकत आणलेलं. दिवे आणि डायनॅमो लुकासचे, कार्ब्युरेटर एसयू किंवा झेनिथचा, मीटर स्मिथ्सचे, कधीकधी तर अख्खं इंजिनच मेडोजचं. पुढे यातल्या बहुतेक कंपन्या बुडाल्या किंवा मोठ्यांच्या पोटात गेल्या. गाड्या मात्र उरल्या आणि त्यांचे भाग देशभरच्या शेडमध्ये, गोठ्यांत, गॅरेजच्या माळ्यांवर विखुरले. आज अशा एखाद्या गाडीच्या मालकाला गिअरबॉक्सचं झाकण हवं असेल, तर विचारायला कंपनी नाही. नवं करून घ्यायचं म्हटलं तर एका नगासाठी लाकडी नमुना, ओतकाम, मग मशीनवरचं काम, एवढा व्याप. आणि नेमकं तेच झाकण कुणाच्या तरी शेडमध्ये रंगाच्या डब्याखाली पडलेलं असतं. ब्यूलीचा बाजार या दोघांची गाठ घालून देतो.

बाजार सुरू केला तो ब्यूलीचे जहागीरदार एडवर्ड, लॉर्ड माँटेग्यू यांनी. १९५२ साली त्यांनी आपल्या वाड्याच्या दर्शनी दालनात पाच जुन्या गाड्या मांडून वडिलांच्या स्मरणार्थ संग्रहालय काढलं. त्याचंच पुढे १९७२ साली नॅशनल मोटर म्युझियम झालं. अमेरिकेत, विशेषतः पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला, जुन्या भागांचे उघड्यावरचे बाजार भरत. ती कल्पना त्यांनी आपल्या कुरणावर आणली. २०१५ साली ते गेले. बाजार चालू राहिला.

त्यांच्या वडिलांची, जॉन माँटेग्यू यांची, हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तिचा एक धागा मुंबईकडे येतो. ते इंग्लंडातल्या मोटारींच्या पहिल्या पुरस्कर्त्यांपैकी. पहिल्या महायुद्धात यांत्रिक वाहतुकीचे सल्लागार म्हणून ते हिंदुस्थानात यायला निघाले होते. मुंबईला निघालेली त्यांची 'पर्शिया' ही आगबोट ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. तीनशेहून अधिक माणसं गेली. जॉन माँटेग्यू वाचले, पण सोबत असलेल्या त्यांच्या सचिव एलेनॉर थॉर्न्टन गेल्या. रोल्स-रॉईसच्या रेडिएटरवर पंख पसरून पुढे झुकलेली जी बाई दिसते, ती शिल्पकार चार्ल्स साइक्स यांनी एलेनॉरवरून घडवली असं मानलं जातं. रेडिएटरवरची असली शुभचिन्हं जुन्या भागांच्या बाजारात नेहमीच आढळतात, अस्सल आणि नक्कल दोन्ही. ब्यूलीच्या मैदानात ती बाई हातात घ्यावी लागली तर मला तिची किंमत विचारायला जड जाईल.

या बाजाराचा खरा कस विक्रेत्याच्या ज्ञानात आहे. गंजका धातू टेबलावर मांडायला अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती त्याला बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीला. कंपनी, मॉडेल, साल, कुठला भाग, चालू की नादुरुस्त, एवढं नेमकं लिहिलं की तो भाग होतो; नाहीतर ते किलोवर विकायचं भंगार. जाणता विक्रेता आधी कापडाने मळी पुसतो आणि शिक्का शोधतो. लुकासच्या डायनॅमोवर मॉडेलच्या आकड्यांबरोबर अनेकदा महिना आणि साल ठोकलेलं असतं. गाडी ज्या वर्षी बनली त्याच वर्षाचा डायनॅमो बसवायचा, हा काटेकोर मालकांचा हट्ट असतो, आणि त्या दोन बारीक आकड्यांसाठी ते राजीखुशीने जास्त पैसे मोजतात. दिव्याचा मुलामाही बोलतो. पिवळसर, उबदार झाक असेल तर निकेल. थंड निळसर असेल तर क्रोम. क्रोम साधारण १९३० च्या आसपास रूढ झालं, म्हणून १९२५ च्या गाडीचा म्हणून क्रोमचा चकचकीत दिवा कुणी पुढे केला, तर त्यावर नंतर हात फिरलेला आहे हे समजावं.

आट्यांची गोष्ट तर फारच मजेची. जुन्या इंग्रजी गाड्यांच्या बोल्टांचे आटे व्हिटवर्थ या इंग्रजी मापाचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मॉरिस या इंग्रजी कंपनीच्या गाडीच्या इंजिनाचा बोल्ट उचलला की नवखा फसतो. डोक्याला इंग्रजी पाना चपखल बसतो, आटे मात्र मेट्रिक. कारण ही इंजिनं कॉव्हेंट्रीतल्या हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कारखान्यात बनत. मॉरिसने १९२३ साली तो कारखाना विकत घेतला, पण यंत्रं फ्रेंच मापाचीच राहिली. मग आटे तसेच ठेवून, गिऱ्हाइकाकडचे पाने चालावेत म्हणून बोल्टची डोकी तेवढी इंग्रजी मापाची केली. असा मूठभर बोल्टांचा डबा बाहेर कुणाला फुकटही नको असतो. इथे त्याला गिऱ्हाईक असतं.

घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावे लागतात. जुने कार्ब्युरेटर बरेचदा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात. ओतताना त्यात शिसं मिसळलं गेलं असेल, तर दमट हवेत धातू आतून कुजतो. फुगतो, वाकतो, अंगभर बारीक भेगा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखा मोडतो. त्याला झारण लागत नाही, वेल्डिंग टिकत नाही. वरून रंग दिला की हे लपतं. म्हणून जाणकार माणूस कार्ब्युरेटर उन्हात धरून कडांवरून नख फिरवतो, मग भाव विचारतो. अशी लपवाछपवी करणाऱ्याला या धंद्यात जागा नसावी. नवी बनवलेली नक्कल विकायलाही हरकत नाही. तिच्यामुळे कितीतरी गाड्या रस्त्यावर आहेत. पण चिठ्ठीवर 'नवीन बनावट' असं स्वच्छ लिहिलं पाहिजे. आणि माझं आणखी एक ठाम मत आहे: जोडीचे दिवे, पाच चाकांचा संच, डब्यातली मूळची हत्यारं, ही फोडून सुटी विकू नयेत. सुट्यात दोन पैसे जास्त सुटत असतील, पण तुटलेला संच पुन्हा जुळवायला एखाद्याची हयात जाते.

उत्तम माल बहुधा प्रेक्षकांना दिसतच नाही. विक्रेते मांडामांड करत असतात तेव्हाच एकमेकांच्या टेबलांवर त्यांची नजर असते. खोकी अर्धी उघडलेली, आणि तेवढ्यात सौदा झालेला असतो. मग दारं उघडली की हातात तुटका तुकडा, कागदावरचा रेखाटलेला आकार, नाहीतर फोटो घेऊन माणसं टेबलामागून टेबल फिरू लागतात. इंटरनेटवर आज वाट्टेल ते मिळतं, तरी ही पायपीट थांबलेली नाही. गिअरचे दात दुसऱ्या गिअरला लावून बघायला दोन्ही गिअर हातातच लागतात, शाफ्टचा खुळखुळा फोटोत ऐकू येत नाही.

काही टेबलांच्या कोपऱ्यात विक्रेत्याला स्वतःलाच न ओळखता आलेले भाग ठेवलेले असतात. चिठ्ठीवर नुसतं प्रश्नचिन्ह. जाणारा-येणारा उचलतो, उलटापालटा करतो, पुढे सरकतो. एखादा थांबतो आणि सांगतो, हा मॅग्नेटोचा कंस, अमुक गाडीचा, अमुक सालापर्यंतच बसायचा. विक्रेता पेन्सिल काढून प्रश्नचिन्ह खोडतो, नाव लिहितो आणि मगच किमतीचं बोलणं सुरू होतं.