वॉटचा आकडा आणि त्यामागील अटी

रायपूर शहराच्या उत्तरेस, उरला औद्योगिक क्षेत्राला लागून बीरगांव वसले आहे. कारखान्यांत राबणारी कुटुंबे, लहान खोल्यांची घरे आणि मे महिन्यात चाळिशी सहज ओलांडणारा पारा ही येथील नित्याची स्थिती. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. अशा एखाद्या घरात संध्याकाळी अभंग किंवा नाट्यगीत मनासारखे ऐकता यावे म्हणून जुन्या स्पीकरना नवा अॅम्प्लिफायर स्वतःच जोडावा, असा विचार कोणी केला तर बाजारात त्याच्यापुढे तळहाताएवढे ‘क्लास डी’ बोर्ड ठेवले जातात. कोणावर १०० वॉट लिहिलेले असते, कोणावर ३०० वॉट. किंमत काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. निवड कशाच्या आधारे करावी?

‘क्लास डी’ म्हणजे काय?

घरातील पंख्याचा जुना, मोठ्या खोक्याचा रेग्युलेटर अनेकांना आठवत असेल. पंखा हळू केला की तो तापत असे, कारण अडवलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीज अडवून धरण्याऐवजी ती क्षणोक्षणी चालू-बंद करतो, म्हणून तो तितका तापत नाही. अॅम्प्लिफायरमध्येही असाच भेद आहे. प्रचलित ‘क्लास एबी’ पद्धतीत ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहून तापतात. ‘क्लास डी’ पद्धतीत ते सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतात. या स्पंदांची रुंदी आवाजाच्या लहरीप्रमाणे बदलते आणि शेवटी कॉइल व कपॅसिटर यांची गाळणी त्यांतून मूळ लहर वेगळी काढते. ‘डी’ म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी या प्रकारांनंतरचे ते केवळ पुढचे अक्षर आहे.

याचा लाभ आकड्यांत पाहता येतो. स्पीकरला २० वॉट देताना ५० टक्के कार्यक्षमतेचा अॅम्प्लिफायर आणखी २० वॉटची उष्णता बाहेर टाकतो. ९० टक्के कार्यक्षमतेचा क्लास डी बोर्ड मात्र सुमारे २ वॉटच उष्णता निर्माण करतो. ज्या खोलीतील हवाच ४२ अंशांवर आहे, तेथे हा फरक यंत्राच्या आयुष्याचा ठरतो.

आकडा कसा तपासावा?

१९६४ साली इंग्लंडमधील सिंक्लेअर कंपनीने ‘एक्स-१०’ हा क्लास डी अॅम्प्लिफायरचा संच विक्रीस आणला. नावात १० होते, प्रत्यक्ष शक्ती सुमारे अडीच वॉट निघाली. ठळक आकडा आणि प्रत्यक्ष अनुभव यांतील ही तफावत आजही संपलेली नाही. ठेवीवरील व्याजदर वाचताना सुज्ञ ग्राहक मुदत आणि अटी पाहतो. वॉटच्या आकड्यामागेही तीन अटी असतात: विद्युतदाब किती, स्पीकरचा रोध किती ओहम आणि विकृती किती टक्के.

पहिल्या दोन अटींचा हिशेब शाळकरी गणिताने करता येतो. बोर्डाला मिळणाऱ्या व्होल्टच्या आकड्याचा वर्ग करावा आणि त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागावे. स्पष्ट आवाजाची प्रत्येक वाहिनीमागील कमाल मर्यादा साधारण तेवढीच. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर ८ ओहमचा स्पीकर लावल्यास १४४ भागिले १६, म्हणजे ९ वॉट. ४ ओहमला १८ वॉट. बोर्डावर १०० छापलेले असले तरी या मर्यादेत फरक पडत नाही.

तीन बोर्डांची तुलना

‘पीएएम ८४०३’ हा चिप ५ व्होल्टवर चालतो. ४ ओहमला त्याची घोषित शक्ती ३ वॉट. टेबलावरील लहान स्पीकरला तो पुरतो.

‘टीपीए ३११६ डी २’ साडेचार ते २६ व्होल्टपर्यंत चालतो. २१ व्होल्टवर ४ ओहमला दोन्ही बाजूंस प्रत्येकी ५० वॉट, ही त्याच्या निर्मात्याची नोंद. दहा-बारा फुटांच्या खोलीला तो पुरून उरतो.

‘टीपीए ३२५५’ला ५० व्होल्टच्या आसपास दाब लागतो. ४ ओहमला प्रत्येकी ३१५ वॉट हा त्याचा आकडा १० टक्के विकृती गृहीत धरून दिलेला आहे. इतक्या विकृतीला तबल्याचा बायाँ घुमण्याऐवजी फाटतो. १ टक्का विकृतीला तोच चिप २६० वॉट देतो. तुलना नेहमी १ टक्क्याच्या आकड्यांचीच करावी.

चिप तोच असूनही दोन बोर्ड भिन्न वाजू शकतात. हलक्या बोर्डावरील लहान कॉइल मोठ्या आवाजात अपुरी पडते. शिवाय पुष्कळ स्वस्त बोर्ड आपली दुरुस्ती गाळणीपूर्वीच्या संकेतावरून करतात, त्यामुळे स्पीकर बदलला की वरच्या पट्टीतील सुरांचा पोत किंचित बदलतो. नेदरलँड्सच्या हायपेक्ससारख्या कंपनीच्या महाग मॉड्यूलमध्ये ही दुरुस्ती गाळणीनंतर होते. जादा किमतीत प्रामुख्याने हे मिळते, केवळ अधिक वॉट नव्हेत.

खर्च कोठे करावा?

शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ५० वॉटऐवजी १०० वॉटचा बोर्ड घेणे आणि ८८ऐवजी ९१ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर निवडणे यांचा परिणाम सारखाच. म्हणून उरलेला पैसा आधी चांगल्या स्पीकरवर आणि पुरेशा अडॅप्टरवर लावणे शहाणपणाचे. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर एकूण २४ वॉटच देतो. २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा १२० वॉट. अडॅप्टर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असलेला आणि पूर्ण बंदिस्त असावा. घरातील २३० व्होल्टची वीज उघड्या बोर्डावर खेळवणे जिवावर बेतू शकते.

जोडणीतील एक दक्षता आवश्यक आहे. या तिन्ही बोर्डांत नेहमीच्या जोडणीत स्पीकरच्या दोन्ही तारांत संकेत असतो. जुन्या सवयीने दोन्ही स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र बांधल्यास किंवा खोक्याच्या पत्र्याला जोडल्यास चिप निकामी होऊ शकतो.

शेवटी शेजाऱ्यांचाही विचार हवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत घरगुती श्रवणाला काही वॉटच पुरतात. ते थोडे वॉट स्वच्छ असावेत, एवढे पाहिले तर माफक खर्चातही बीरगांवच्या लहानशा खोलीत गायकाचा श्वासही ऐकू येईल.