टाचेतला थेंब

बाळ आवाजाच्या दिशेनं मान वळवू लागलं की घरात देवाला नारळ ठेवतात. ठेवावाच. पण त्या कृतज्ञतेत थोडा वाटा थायरॉइड ग्रंथीचाही असावा. तिचं संप्रेरक कमी पडलं तर मेंदूची वाढ खुंटते, आणि जन्मतः बहुधा काहीच दिसत नाही, कारण पोटात असताना आईचं संप्रेरक वारेतून मिळत असतं. लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेतात. ही युक्ती अमेरिकेच्या रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात रूढ केली. गोव्यानं २००८ मध्ये सरकारी नवजात तपासणी सुरू केली. दोष सापडला तर थायरॉक्सिनची गोळी, कुस्करून, आईच्या दुधात. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली, की बाळ सहसा इतरांसारखंच वाढतं. टोचताना ते रडतं, आजी रागावते. रागावू दे.